यंदाचं कुलूप

"काका, गच्चीच्या दाराला तीन-तीन कुलपं कशाला हो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून दानबीनं शाळेच्या पहारेकऱ्याला विचारलंच. मागे सगळ्या खिदळत होत्या.

"दर वर्षी बारावीच्या परीक्षेनंतर एक पोर कमी होतं आणि एक कुलूप वाढतं," काका म्हणाले. "यंदाचं आत्ताच आणून ठेवलंय."



त्या रात्री घरी जेवताना दानबीनं सांगून टाकलं, "आई, बाबा, आम्ही मुलीच एक संस्था काढतोय. ज्यांना जगणं नको झालंय, त्यांचं ऐकून घ्यायला."

आईनं तिच्या भातावर आंबवलेल्या कोबीची किमची ठेवली. "शिकवणी रात्री दहाला सुटते तुझी. आणि असली मुलं तुला भेटणार कुठे?"

"एक भेटलीय. मागच्या आठवड्यात शाळेच्या गच्चीच्या दाराची तिन्ही कुलपं मीच ओढून पाहिली होती, आई. उद्या, ज्यांचं ऐकून घ्यायचं त्यांच्या यादीत पहिलं नाव माझं लिहिणार आहे."