ज्या विहिरीचं त्या विहिरीत

पारसमल शेठ विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. कमरेला मोटेचा नाडा, पाठीला सुकलेला भोपळा आणि तोंडावर पाणी गाळायचं तिपदरी फडकं घट्ट बांधलेलं. नाड्याचं दुसरं टोक धरून त्यांच्या मळ्याचा सालदार गडी नवलसिंग वर काठावर बसला होता. याच हंगामात तो डोंगरातून खाली कामाला आला होता. हसू दाबता दाबता त्याची पुरेवाट झाली होती.

शेठजींना काही पोहायची हौस नव्हती हो! छप्पन्नाव्या वर्षी कोणाला असते? पण गुडघे धरले, आणि नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालवत नसेल तर रोज पोहा. आज विसावा दिवस. हातपाय आता नीट चालायचे, पण विहिरीच्या मध्यावर गेलं की ओलं फडकं नाकातोंडाला चिकटायचं, दम कोंडायचा आणि शेठजी गटांगळ्या खायला लागायचे. मग नवलसिंग नाडा ओढून त्यांना पायरीशी आणायचा.

आजही तेच झालं.

"तोंड बांधीसन कोनी पव्हस का, शेटजी?" नवलसिंगनं शेवटी विचारलंच. "दम कथाईन लेशात?"

"आन् न गाळेल पानी पोटमा गयं तर? त्यामा जीव ऱ्हातस, बाबा."

"पानीमा तोंड मिटा, वर येशात तवय उघडा. मासाले कोन फडकं बांधस?"

शेठजींनी फडक्याला हात लावला. जन्मात त्यांच्या घशाखाली न गाळलेल्या पाण्याचा घोट उतरला नव्हता. शिवाय हे फडकं त्यांच्या पत्नीच्या, लहरीबाईंच्या हातचं, चारी कडांना बारीक टाका घातलेलं. लहरीबाई जाऊन दोन वर्षं झाली. फडकं तोंडावर असलं की आपण एकटे नाही असं वाटायचं. पण हे त्या हसऱ्या माणसाला सांगायचं कसं?

त्यांनी फडकं सोडलं आणि मनगटाला गुंडाळलं. ओठ घट्ट मिटून पाण्यात शिरले. वर आले, श्वास घेतला, पुन्हा मिटले. मध्य कधी मागे पडला ते कळलंही नाही. समोरच्या दगडाला हात लागला तेव्हा ते स्वतःच दचकले. परत आले, भोपळा सोडला, नाडा सोडला, आणि पुन्हा गेले. या खेपेला त्यांनी पाण्यात थांबून वर आभाळाकडेही पाहून घेतलं.

"पार व्हयनात, शेटजी!" नवलसिंग वरून ओरडला. "आते घर जाईसन सांगा. इतलं मोठं घर शे तुमनं, कोनी ना कोनी वाट दखी ऱ्हायनं व्हई."

शेठजींनी मान हलवली. खरंच घाईनं अंगावर सदरा चढवला आणि निघाले. धोतर पिळायचंही भान राहिलं नाही.

पेठेत दुकानं उघडत होती. दोघातिघांनी हात जोडले. ओलं धोतर पाहून कोणीतरी विचारील म्हणून शेठजी प्रत्येकापाशी थोडे रेंगाळले. कोणी विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी कुलूप काढलं. उंबऱ्यातूनच घरच्या मारवाडीत हाक गेली, "सुणो हो? पार हुग्यो!"

दोन वर्षांनंतरही जीभ अशी फसवते. खाली सहा खोल्या, वर माडी, एकीतूनही कोणी हूं म्हणालं नाही. शेठजींना एकदम फार एकटं वाटलं. इतकं की बसवेना.

मग त्यांचं लक्ष पायांकडे गेलं. धोतराचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"अरे रे रे!" ते पुटपुटले आणि जाऊन परातीत उभे राहिले.

विहिरीचं पाणी गावात आणलं होतं त्यांनी! लहरीबाई असत्या तर डोक्याला हात लावून बसल्या असत्या. पाणी गाळून फडक्यावर जे उरतं, ते डोळ्यांना दिसो न दिसो, ते जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत पोचवायचे, हा त्यांच्या घरचा नेम. शेठजींनी परातीत धोतर पिळलं. ते पाणी फडक्यातून गाळलं. फडकं उलटं करून थोड्या गाळलेल्या पाण्यानं लहान बालटीत धुतलं. बालटी उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी अर्धा कोस पुन्हा मळ्याची वाट धरली.

मोट सुरू झाली होती. शेठजींना पाहून नवलसिंगनं बैल थांबवले.

"काय इसरनात, शेटजी?"

"काही नही. या मन्हासंगे चुकीसन उनात." शेठजींनी बालटी पुढे केली.

नवलसिंगनं बालटीत डोकावून पाहिलं. "कोन? काहीच दिखस नही."

शेठजींनी बालटीला दोरी बांधली. वरून ओतलं तर जीव दुखावतात, म्हणून ते बालटी दोरीनं हळूहळू खाली सोडू लागले. पाण्याला टेकली तशी ती अलगद कलंडली.

"घरना लोके वाट दखत व्हतीन यास्नी," ते म्हणाले.

विहिरीत बोट दाखवताना नवलसिंगला आता हसू आवरेना. "हीरमा? हीरमा कोन वाट दखी, शेटजी?"

शेठजी वाकून खाली पाहत राहिले. पाणी हललं आणि पुन्हा स्थिर झालं.

"इतली मोठी हीर शे," ते म्हणाले. "यास्नं कोनी ना कोनी व्हईच."