लांब पल्ल्याचा झोत
"वहिनी, रडू नका, माझा हात हलतो," जयदीप म्हणाला आणि घरी बनवलेल्या टॉर्चचं डोकं पिळू लागला.

वहिनींचा नवरा, शंतनू, फोटो काढताना कड्यावरून घसरला होता आणि खाली अंधारात कुठल्यातरी झुडपाला लटकून ओरडत होता. पोरं दोर घेऊन तयार होती, पण तो नेमका कुठे आहे ते दिसायला हवं होतं. जयदीपने आधी पसरट झोत लावला. कड्याचा अख्खा माथा लग्नाच्या मांडवासारखा उजळला, पण शंतनूपर्यंत उजेड पोचलाच नाही.

"उजेड पसरला की लांब जात नाही. एकवटला की जातो," जयदीपने समजावलं.

"मेल्या, शिकवणी नंतर घे!"

त्याने खोल वाटीचा आरसा बसवला. आता उजेडाचं ताटाएवढं वर्तुळ दरीत भटकू लागलं. दगड, झोपलेलं माकड, दचकलेलं माकड, आणि मग शंतनू. दोन्ही हातांनी झुडूप धरलेला, जिवंत.

"सापडले! दोर सोडा रे!" वहिनी किंचाळल्या.

"थांबा, अजून एक बटण आहे," म्हणत जयदीपने उजेड पूर्ण वाढवला.

शंतनूने तोंड वाकडं केलं आणि एक हात डोळ्यांवर आडवा धरला. तरी झोत हटेना, म्हणून दुसराही धरला.

जयदीपने झोत त्याच्यावरून जराही ढळू दिला नाही.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "उजेड अगदी तळापर्यंत पोचतो की हो."