धांदऱ्याचा डबा

“धांदऱ्याला हात लावून तर बघा!” सिस्टर वॉर्डाच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

चॅनेलच्या वकीलबाई दमून खुर्चीत टेकल्या. खाली टेम्पो उभा होता. तीस वर्षांपूर्वीची ती अंतराळयानाची मालिका चॅनेलच्या मालकीची. यान त्यांचं, पात्रं त्यांची, यानाचं दार उघडताना होणारा ‘फुस्स’ आवाजसुद्धा कागदोपत्री त्यांचाच. आता तिच्यावर मोठा सिनेमा निघणार होता, म्हणून त्यातला यंत्रमानव धांदऱ्याही परत हवा होता.

धांदऱ्या मात्र लहान मुलांच्या या वॉर्डात चांगला रुळला होता. मालिका संपल्यावर सेटवरच्या सुतारकाकांनी, म्हणजे सिस्टरच्या वडिलांनी, त्याला भंगारातून उचलून घरी आणलं होतं. पुढे सिस्टरनी इथे आणला. सुई द्यायची ती आधी त्याच्या स्पंजच्या दंडात, मग पोरांच्या. कोपऱ्यातली चिमुरडी तर त्याच्याशिवाय हातच पुढे करायची नाही. आज तिला दोन सुया होत्या. चादर नाकापर्यंत ओढून ती सगळं ऐकत होती. सुतारकाकाही आज आले होते, भिंतीशी उभे होते.

“मला काय हौस आहे का, सिस्टर?” वकीलबाई म्हणाल्या. “यादीत असेल ते आमचं, नसेल ते नाही. करारात स्वच्छ लिहिलंय. वाचते, तुम्हीच ऐका.”

पात्रांची यादी मेकअपवाल्याने केली होती. ज्याच्या तोंडाला रंग लागला तो पात्र, असा त्याचा सरळ कारभार. बेचाळीस नावं झाली, धांदऱ्या नाही. त्याच्या तोंडावर फक्त सुतारकाकांचं फडकं फिरायचं.

सिस्टरच्या जिवात जीव आला. तेवढ्यात वकीलबाईंनी सामानाची यादी काढली. भांडारवाला महाकाटेकोर. मेल्याने खिळेसुद्धा सोडले नव्हते! चौथ्या पानावर सापडलंच: ‘धांदऱ्या, यंत्रमानव, एक नग.’  सुतारकाका चपलांकडे बघू लागले.

“थांबा.” वकीलबाईंनी चष्मा वर केला. त्या ओळीवर लाल रेघ होती आणि बाजूला शेरा. तो त्यांनी मोठ्याने वाचला, “‘खोडले. सामान नव्हे. रोज दुपारी डबा जेवतो.’”

 वकीलबाईंना असं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला.

“काका! यंत्रमानवाच्या नावावर डबा?”

“जेवणाच्या यादीत मीच घातलं होतं त्याचं नाव,” काका ओशाळून म्हणाले.

वकीलबाईंनी फोन लावला. “साहेब, टेम्पो रिकामा येतोय. हा पात्रही नाही आणि सामानही नाही. आपला नाहीच तो.”

हुश्श! सिस्टर मटकन खाटेवर बसल्या. हसत होत्या आणि रडतही होत्या. चिमुरडीने चादर खाली केली. “आधी त्याला टोचा,” तिने फर्मावलं.

निघताना वकीलबाई दारात रेंगाळल्या. “खरं सांगा हं काका. दोन-दोन डबे एकटे चापायचात?”

“छे हो.” काकांनी सिस्टरकडे बोट केलं. “आई नव्हती हिला. सेटवर पोरांना बंदी. शाळा सुटली की मी हिला धांदऱ्याच्या पोटात बसवायचो. तो डबा हीच जेवायची.”