मागणीचा डबा

"आजा, थांब! लोणी होतंय त्याचं!"

रोशनी ओरडली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पातेल्यातल्या क्रीमचा गोळा झाला होता आणि भोवती पाणी सुटलं होतं. सुक्या रवी हातात धरून आपल्या नातीकडे बघत राहिला. साठी उलटली तरी रांधायच्या कामाला हात लावायची ही त्याची पहिलीच वेळ.

"ताक घुसळतात तसं घुसळायचं होय रे? हलकं फुगलं की थांबायचं. कोसबाडच्या स्वयंपाकाच्या शिबिरात आमच्या बाईंनी शंभरदा सांगितलं होतं."

"मला कुठे सांगितलं तुझ्या बाईंनी?" सुक्या म्हणाला आणि दुसरं पाकीट फोडायला बसला.

वेवजीच्या त्या घरात परवा लग्न होतं. अंगणात मांडव पडला होता, तांदूळ निवडून झाले होते, रोशनीचा भाऊ सुरज उन्हातान्हात फिरून पत्रिका वाटून आला होता. आणि काल आशागडहून नवरीचा निरोप आला, मी काही मांडवात उभी राहणार नाही. का, तर मला कुणी विचारलंच नाही. तारीख तुम्ही ठरवली, लुगडं तुम्ही आणलं, वाजंत्री तुम्ही सांगितली. मला विचारलं का कुणी?

नवरी अडली म्हणजे सगळंच अडलं. सुरजचा चेहरा एवढासा झाला. बायका कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुजायला लागल्या. सुक्याला जेवण गेलं नाही. हात धुऊन ताटावरून उठला आणि म्हणाला, "तिचं काय चुकलं? मीच जातो विचारायला."

मागणी घालायला जाताना ताडी न्यायची त्यांची रीत. समोरच्याने घोट घेतला की होकार. पण या नवरीला ताडीचा वासही खपत नसे. मागच्या उन्हाळ्यात रोशनीने शिबिरातून शिकून आल्यावर चिकू-आंब्याचं थंडगार पुडिंग केलं होतं, तेव्हा मात्र तिने वाटी बोटाने पुसून पुसून खाल्ली होती. सगळे हसले होते. सुक्याने ते लक्षात ठेवलं होतं.

"मी करून देते की," रोशनी म्हणाली होती.

"नको. विचारायला मी चाललो, तर हातही माझाच लागायला पाहिजे. तू नुसतं सांग."

या खेपेला तिने पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं. क्रीम फुगलं आणि सुक्या वेळेवर थांबला. मग त्याने चिकू सोलले, बिया काढल्या, गर हातानेच कुस्करला. आंब्याच्या बारीक फोडी केल्या. स्टीलच्या डब्यात आधी दुधात बुडवलेली बिस्किटं, त्यावर क्रीम, त्यावर चिकू, पुन्हा बिस्किटं, क्रीम, वरून आंबा.

"बिस्किटं अजून भिजव," तो म्हणाला. "पार मऊ झाली पाहिजेत."

"गाळ होईल त्यांचा."

"होऊ दे."

रोशनीने काजूची पुडी सोडली तर त्याने तिचा हात धरला. "काजू नको. तिला चालत नाहीत."

"अगं बाई, विसरलेच," रोशनी म्हणाली आणि पुडी पुन्हा बांधून ठेवली.

घरात फ्रीज नव्हता. नाक्यावरच्या बाबल्याच्या दुकानात डबा ठेवला. चार तास लागतील म्हणून रोशनीने बजावलं होतं, पण सुक्या तासाभरात तीनदा जाऊन आला.

"अरे, सारखं दार उघडलंस तर जमेल कसं ते?" बाबल्या वैतागला. दुपारी सुरज मोटारसायकल घेऊन आला, सुक्या बर्फाचा खोका मांडीवर घेऊन मागे बसला, तेव्हा बाबल्याने मागून हाळी दिलीच, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

सुरज खो खो हसला. सुक्याने डोक्यावरचा टॉवेल पुढे ओढून घेतला.

आशागडला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं, पण डबा अजून गार होता. नवरीचा भाऊ लाहू ओटीवरच बसला होता. त्याने आतल्या लोटलेल्या दाराकडे मान केली. "कालपासून कुणाशी बोलत नाही. तू बघ बाबा."

सुरज गाडीपाशीच थांबला. सुक्या दाराशी जाऊन जमिनीवर बसला. त्याने वाटीत पुडिंग काढलं. नाही म्हणाली तर? घरी जाऊन पोरांना काय सांगायचं? त्याहून वाईट म्हणजे, तिचं बरोबरच होतं.

त्याने फटीतून वाटी आत सरकवली.

"चुकलं आमचं," तो दाराला म्हणाला. "भगताला विचारलं, मांडववाल्याला विचारलं, वाजंत्रीवाल्याला दोनदा विचारलं. तुलाच तेवढं विचारायचं राहिलं. आता विचारतो. हे मी माझ्या हातांनी केलंय, एक पाकीट नासवून केलंय. गोड लागलं तर ये. नाही लागलं तर नको येऊस, कुणी बोल लावणार नाही."

ओटीवर लाहू खोकला. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. सुक्या फटीला कान लावून बसला.

फटीतून वाटी बाहेर आली. बोटाने पुसून लख्ख केलेली.

सुक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने टॉवेलने पुसलं, तेवढ्यात दार उघडलं. उंबऱ्यात सुकी उभी होती, पदराने चष्मा पुसत.

"बेचाळीस वर्षं लग्नावाचून तुझ्या घरात भाकऱ्या थापतेय," ती बोळक्या तोंडाने हसत म्हणाली, "आणि विचारतोस आज! चल ऊठ आता. रीतीने आधी आपलं लग्न लागल्याशिवाय नातवाला हळद लागायची नाही."