घारीची सगळ्यात ढ विद्यार्थिनी

"दिसतंय का?"

"नाही."

"अगं, नाकासमोर आहे!"

नर्सने मान वाकडी केली, गुडघे टेकले, गाल पार जमिनीला लावला. समोर नुसती माती. मागे वायरमन खुसखुसला.

हरवलेल्या माणसांचा माग काढायला शिकवणाऱ्या बाईला सगळे घार म्हणायचे. तिने कपाळावर हात मारला. "सूर्याकडे तोंड कर, बाई! सावली पडली की ठसा उठून दिसतो. अशी पाठ फिरवून बसलीस तर शेजारून हत्ती गेला तरी कळायचा नाही."

रविवारी परीक्षा होती. पास होणारा शोधपथकात, नापास होणारा घरी. बाकीचे जिवाचं रान करत होते, आणि ही बया ठसा सोडून भलतीकडेच बघायची. रस्त्याकडे. फाटकाकडे. मोबाइलकडे. तो तर सारखा वाजायचा.

"नवरा," ती ओशाळून म्हणायची. "काळजी करतो."

ठसे दिसत नव्हते, पण प्रश्न असे विचारायची की घारीची कळी खुलायची. खडीवर माग राहतो का? मूल कडेवर घेतलं की ठसा बदलतो?

"बदलतो तर! टाच खोल रुतते, पाऊल आखूड पडतं."

"आणि ज्याला सापडायचंच नसेल, त्याचं काय?"

"हरवलेल्याला सापडायचंच असतं गं," घार हसली. पण कुणी इतक्या आस्थेने विचारल्यावर गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. दगडावरून दगडावर कसं जायचं, कुठलं गवत मोडत नाही, सगळं घडाघडा सांगून मोकळी झाली.

एकदा तिने वर्गाला विचारलं, "बेशुद्ध माणसाला काखेत धरून ओढत नेलं, तर काय दिसेल?"

"टाचांच्या दोन रेघा," नर्स पटकन म्हणाली. "शेजारी शेजारी."

"अरे वा! आज सूर्य पश्चिमेला उगवला!" वायरमन ओरडला.

"नर्स आहे ती, तुझ्यासारखी तारांना लोंबकळत नाही," घार म्हणाली. सगळे हसले. नर्स फाटकाकडे बघत होती.

संध्याकाळी नवरा न्यायला यायचा. प्रत्येकाची विचारपूस करायचा, घारीला ताई ताई म्हणायचा. "हिला जरा उशीर झाला ना ताई, की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही."

"असा नवरा मिळायला नशीब लागतं," वायरमनने उसासा टाकला. "मी हरवलो तर आमची बायको पार्टी देईल."

रविवारी नर्स आलीच नाही. नवरा आला, लाल डोळ्यांनी. पहाटे उठून बघतो तर बायको नाही, मुलगी नाही. "हल्ली तिचं डोकं ठिकाणावर नसतं. ताई, काहीही करा, पण शोधा!"

परीक्षा गेली खड्ड्यात. घार वायरमनला घेऊन नर्सच्या घरामागच्या अंगणात पोचली तेव्हा वारा सुटला होता. वारा म्हणजे मागाचा वैरी. मायलेकींचे ठसे दारातून बाहेर पडले होते. त्या ठशांखाली, दारापासून नळापर्यंत, दोन रेघा. शेजारी शेजारी.

"काल पोतं ओढलं होतं," नवरा घाईने म्हणाला.

"पण पोत्याचा तर एकच रुंद पट्टा..."

"तू वाऱ्याकडे लक्ष दे," घारीने वायरमनला तोडलं.

कुंपणापलीकडे छोटे ठसे संपले, मोठी टाच खोल रुतली. मग खडी. मग दगड. मग नेमकं तेच गवत, जे मोडत नाही. घार रांगत होती, चाचपत होती, तिला धाप लागली होती. म्हणे ढ! एकही धडा वाया घालवला नव्हता पोरीने.

वाट फुटते तिथे घार थबकली. उजवीकडे ओढा, डावीकडे बसथांबा. आणि डावीकडच्या मऊ मातीत, घाईत वळलेलं एकच पाऊल. कडा अजून ओल्या.

"काही दिसतंय का, ताई?" नवऱ्याचा श्वास तिच्या मानेवर आला.

घारीने आजवर एकही माग सोडला नव्हता.

"दिसतंय ना," ती उठली आणि तिचा बूट त्या पावलावर नीट दाबून बसला. "ओढ्याकडे गेल्यायत. पळा!"