दुर्बिणीतलं अंगण

थोरल्या नातीचं लग्न ठरलं आणि मोडलं, त्या वर्षी आजी पहिल्यांदा डोंगरावरच्या मनोऱ्याकडे निघाली. सोबत तीच नात होती.

"वाट सोपी आहे गं," नात म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी इथे जत्रा असते नुसती."

"चढायची भीती नाही मला. तुझ्या आजोबांना हे आवडायचं नाही."

"त्यांना कोण सांगतंय?"

आजोबा त्या जुन्या दगडी मनोऱ्यावर पहारेकरी. जंगलात कुठे वणवा लागला की खाली कळवायचं, हे काम. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बायकोला बजावलं होतं, "वरून दुर्बिणीत आपलं अंगण दिसतं. कोण आलं, किती वेळ बसलं, सगळं कळतं मला."

तेव्हापासून आजी दिवसाउजेडी अंगणात टेकली नव्हती. अजूनही धुणं वाळत घालायचं की पटकन आत. शेजारीण आली तरी बोलणं उंबऱ्याच्या आतून. शेजारीण म्हणायची, "मी काय वसुलीला आलेय का गं?"

अर्ध्या चढावर मोकळं माळरान लागलं. आजी वाट सोडून झाडांच्या कडेने चालू लागली.

"अगं, वाट इकडे आहे!"

"असू दे. सावलीतून बरं."

आभाळ गच्च भरलेलं होतं. नातही तिच्या मागे झाडांखाली शिरली.

मनोऱ्याच्या पायऱ्या आजी कठड्याला धरून चढली. वर दुर्बीण सांभाळणारी बाई होती. तिने आपली खुर्ची पुढे केली. आजी बसली नाही.

"ओढ्याकाठची घरं दाखव बाई. शेवटचं, निळ्या दाराचं."

"ती घरं इथून नाही दिसत, आजी. मधे डोंगराची सोंड आडवी आलीय."

"पूर्वी दिसत असतील."

"सोंड काय काल आली का?"

आजीने दुर्बिणीला डोळा लावला. मग चारही खिडक्यांतून पाहून आली. पुन्हा दुर्बीण. रस्ता दिसला, शाळेचं छप्पर दिसलं. ओढा सोंडेमागे शिरला तो पुन्हा दिसलाच नाही.

"मग ह्यांना कळायचं कसं? घरी आले की म्हणायचे, कोण आलं होतं ते पाहिलंय मी, तरी तूच सांग."

"आणि तू?"

"मी सांगायचे ना सगळं."

नातीने ओठ घट्ट मिटले. आजी तिच्याकडे बघत राहिली. आधी आजीचे कान लाल झाले. मग ती इतकी हसली, इतकी हसली, की दुर्बिणीवाली पाणी घेऊन धावली.

उतरताना आजी माळरानाच्या मधोमध चालली. घरी आल्या आल्या तिने दोन खुर्च्या अंगणात ओढल्या आणि शेजारणीला मोठ्याने हाक मारली.

"ये गं, बस. चांगली तासभर बस!"

आजोबा वारले त्याला त्या महिन्यात एकोणीस वर्षं पुरी झाली होती.