आंब्याची मेढ

फाटक उघडावे लागलेच नाही. वाऱ्याने ते उखडून रस्त्यावर टाकले होते. चिमणाबाई त्याच्यावरूनच आत गेली. तिच्यामागे शेजारचा केरबा, खांद्यावर ट्रॅक्टरचा दोर.

केळी आडव्या झाल्या होत्या. शेवगा मधोमध मोडला होता आणि फुटक्या कौलांचा लाल चुरा जास्वंदीवर पसरला होता. चिमणाबाईने यांतले काही पाहिले नाही. काल संध्याकाळी केरबाने आजऱ्याला, तिच्या माहेरी फोन केला, तेव्हापासून ती त्याचे एकच वाक्य जपून आणत होती : "वैनी, आंबा कललाय, पर निम्मी मुळं धरून हाईत. तुमी या, उद्या दोर लावून उभा करूया."

आंब्याच्या जागी खड्डा होता. काठावर करवतीचा ओला भुसा.

नऊ वर्षांपूर्वी राजवीरची रक्षा नदीत न सोडता तिने याच खड्ड्यात घातली होती आणि वर आंब्याचे रोप लावले होते. आपल्या लेकाच्या त्या झाडाला यंदा पहिल्यांदा कैऱ्या धरल्या होत्या.

चिखलातून काहीतरी जड ओढत नेल्याची खूण घराकडे गेली होती. त्या खुणेवर सांडलेली पाने अजून हिरवी होती. त्या पानांच्या मागोमाग ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थबकली.

सोप्याचे छप्पर पेलणारे आढे वादळाने मोडले होते. त्याच्याखाली, दोन दगडांवर, आंब्याचे खोड उभे होते. आढे त्याच्या बेचक्यात नेमके बसले होते.

शिडीवरून तिचा नवरा आकाराम उतरला. "आलीस? बघ, कशी मेढ बसलीया! आता दुसरं वादळ आलं तरी घर हालत न्हाय."

"अवं, आजचा दिस थांबायचं हुतं की. दोर घिऊन आलोय आमी."

"आन् घर? त्ये काय तुझ्या दोराला टांगू?"

केरबाने दोर खाली ठेवला. "तात्या, माझ्या दारात निलगिरीचं चार वासं पडल्यात. नुसती हाक मारायची हुती."

"दुसऱ्याचा वासा कशाला?" आकाराम हसला. "घरचाच हुता की."

केरबा दोर उचलून, कुणाकडे न बघता निघून गेला.

चिमणाबाईने खोडावर तळहात ठेवला. साल अजून गार होती.

"तुमीच त्याला म्हणलासा," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्या घरात पाय ठिवायचा न्हाय."

"म्हणलोतो की. मला न इचारता लगीन केलतं त्यानं. आज बी त्येच म्हणतो." आकारामने हातोडी उचलली. "त्याला आता पाय कुटं हाईत?"

त्याने डोक्याच्या उंचीवर खिळा धरला आणि तीन घावांत खोडात बसवला. अंगातला पांढरा सदरा काढून त्यावर अडकवला.

"च्या टाक," म्हणत तो हातपाय धुवायला मागच्या दारी गेला.

खिळ्याभोवती चीक जमू लागला. एक थेंब फुगला, सरकला आणि कॉलरच्या घडीत उतरला. त्याच्यामागून दुसरा. आंब्याचा चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. डाग नंतर काळा उमटतो, आणि मग जात नाही.

"आगं, त्यो सदरा तेवढा आत ठीव," मागच्या दारातून आवाज आला. "नवा हाय."

"व्हय," चिमणाबाई म्हणाली.

तिने चुलीवर आधण ठेवले. पाणी उकळेपर्यंत ती खोडाकडे तोंड करून बसली. सदरा तिने हलवला नाही.